जनाला लावलेली निळी काच

पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड जडते. पहिल्याच ओळीत गुन्हेगार सापडला पाहिजे. मी अकरावीत असल्यापासून पत्रकं लिहितेय. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, रेशनच्या काट्यासाठी, वस्तीतल्या बंद दिव्यांसाठी. या लेखाचीही पहिली ओळ तशीच लिहिली होती, मग खोडली. कारण या हकिकतीतला गुन्हेगार शोधायला गेलं की अर्ध्या वाटेवर मीच सापडते.

माझी नोकरी चष्म्याच्या दुकानातली. शहागंजाच्या एका गल्लीत रहीमचाचांचं दुकान आहे. पुढं फ्रेमा, मागं काचा घासायची खोली. पुढं मी नंबर काढते, मागं चाचा काचा बसवतात. शुक्रवारी दुकान बंद, तो दिवस वस्त्यांच्या प्रश्नांवर भांडणाऱ्या आमच्या संघटनेचा. म्हणजे सहा दिवस माणसांना दिसावं म्हणून खपायचं आणि सातव्या दिवशी सरकारला दिसावं म्हणून.

दुष्काळाच्या त्या लागोपाठच्या वर्षांत गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची यायची. निवृत्त झालेल्या एक बाई नंबर कमी करून मागायच्या. "आता एवढं स्पष्ट बघून करायचंय काय?" जळगाव रोडला प्लॉट विकणाऱ्या एका गृहस्थांनी हिरवट काचांचे डझनभर चष्मे बनवून घेतले. चाचांनी विचारलं, "इत्ते कायकू?"

"साइट दाखवायला न्यावं लागतं ना लोकांना. उन्हात ते रान लई भकास दिसतं हो."

चाचांनी चष्मे करून दिले. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, "हरा देख के लेने वाला प्लॉट ले लेगा. बाद में हंडा लेके किधर जाएगा?"

काचेला रंग कसा देतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खरी काच रंग पीत नाही, फायबरची काच पिते. स्टीलच्या भांड्यात पाणी तापवायचं, उकळायच्या अलीकडं ठेवायचं, त्यात रंगाची पूड. चिमट्यात काच धरून बुडवायची, मोजत राहायचं, काढायची, धुवायची, पांढऱ्या कागदावर धरून बघायची. अर्धं मिनिट कमी झालं तर फिकट, जास्त झालं तर वाया. यात पाणी लागतं ते चांगलं. टँकरच्या पाण्यात क्षार. त्यानं रंग फाटतो, काचेवर डाग पडतात. म्हणून चाचा रंगासाठी प्यायच्या जारचं पाणी वापरायचे. घरी नळ आठव्या दिवशी येत होता, अशा काळात.

तेव्हाच नव्या वसाहतीतल्या, अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांच्या एका केंद्राकडून आमच्याकडं कामं येऊ लागली. बिननंबरी काचा, पण रंगीत. फिकट निळ्या, जांभळट, पिवळ्या. सगळे चष्मे लहान मुलांचे. एक आई न्यायला आली होती, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "आमच्या मुलाला अक्षरं डुलताना दिसतात हो. पानावर रंगीत कागद ठेवला की थांबतात. आता चष्माच करून दिला."

माझं डोकं तिथंच फिरलं. रंगानं वाचता येतं का, हे मी विचारलंच नाही. मी विचारलं, हे फक्त फ्लॅटमधल्या पोरांनाच का? आमच्या कामात दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी येतो.

पुढच्या शुक्रवारी मी स्टेशनरीतून जिलेटिन कागद घेतले. लाल, पिवळा, हिरवा, निळा. वहीच्या पानाएवढे कापले आणि हर्सूलच्या पुढं दोन खोल्यांच्या एका शाळेत गेले. आजूबाजूला इमारतींचे सांगाडे उठत होते. शेतांत प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेले, आणि त्या दगडांमधून मेंढरं काहीतरी शोधत फिरत होती. ती मेंढरं सिल्लोडकडून आलेल्या चार-पाच धनगर कुटुंबांची. गावाकडं पाणी नाही, चारा नाही, म्हणून शहराच्या कडेला आलेली. बाप्ये बांधकामावर, बाया मेंढरांमागं, पोरं शाळेत.

शाळेच्या शैलाबाई दोन वर्ग एकत्र घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "चौथीत जना आहे, तिला बघा. अक्षर ओळखत नाही. बाकी पोर हुशार आहे हो, पण पुस्तकापुढं मुकी होते." आणि त्या दुसऱ्या वर्गाचा गोंगाट मिटवायला गेल्या.

जना दहा वर्षांची. किडमिडी, कपाळावर जुन्या जखमेची खूण, नजर मात्र थेट. व्हरांड्यात आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिच्याच मराठीच्या पुस्तकातला विहिरीचा धडा मी उघडला, वर विहिरीचं चित्र होतं. लाल कागद ठेवला. "वाच बरं." ती गप्प. पिवळा. गप्प. हिरवा. तिनं मान हलवली. शेवटी निळा ठेवला आणि म्हटलं, "हा शेवटचा हं. मग मी जाते."

जनानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. अडखळणं नाही, थांबणं नाही. अख्खं पान. पान उलटलं, मी निळा कागद घाईनं पुढच्या पानावर सरकवला, तेही पान. शैलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चार वर्षं मुकी असलेली पोर, आणि मध्ये फक्त एक निळा कागद! त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की हर्सूलचा तलाव आत्ता भरला, तरी मी मान डोलावून म्हटलं असतं, भरला असेल.

चाचांनी काचा रंगवल्या. दोनदा रंग फिकट आला म्हणून दोनदा बुडवल्या. फ्रेम जनाला मोठी होत होती, कानामागच्या दांड्या त्यांनी तापवून वाकवल्या. चष्मा हातात देताना म्हणाले, "बेटा, मैं चालीस साल से रंग देरा. रंग आँख को आराम देता. पढ़ना-बिढ़ना मेरेकू नै मालूम."

मी म्हटलं, "चाचा, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"हौ," चाचा म्हणाले. "देखने का ही तो धंदा है अपना."

चष्मा द्यायला गेले तेव्हा जनाचे वडील भिवाभाऊ घरी होते. घर म्हणजे अर्धवट इमारतीची खालची खोली, जिची राखण त्यांच्याकडं होती. त्यांनी चष्मा उलटापालटा केला. म्हणाले, "ताई, दुष्काळात म्हशीला हिरवा चष्मा लावत्यात म्हनं. वाळलं बाटूक बी हिरवं दिसतंय, म्हैस खाती. तसलं तर नाय ना काय ह्ये?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला राग आला होता. मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं बोलले. "आमी जूनला हितनं हालनार. पाऊस झाला तर गावाकडं, नाय झाला तर गंगथडीला, नदीकाठच्या चाऱ्याला. ही मागं ऱ्हायली तर शिकंल, आमच्यासंगं आली तर मेंढरामागं. शैलाबाई म्हनल्या, शहरात पोरींचं वसतिगृह हाय. पन तिथल्या म्याडम पोरीकडनं पान वाचून घेत्यात, मगच नाव लिव्हत्यात."

"घेतील," मी म्हटलं. "आता नाही म्हणायला कारणच काय उरलं?"

आणि मी पत्रक काढलं. 'झेडपीच्या लेकरांना रंगीत काच का नाही?' खाली जनाचं नाव, वर्ग, शाळा, सगळं. एका निळ्या काचेनं चार वर्षांचं मौन तोडलं, असं वाक्य होतं त्यात. मला ते फार आवडलं होतं. हजार प्रती. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या फाटकावर उभी राहून वाटल्या. लहान मुलीचं नाव असं हजार लोकांच्या हातात देण्याआधी तिला विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये आम्ही वसतिगृहात गेलो. भिवाभाऊंनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, जनाच्या वेण्यांना लाल रिबिनी, डोळ्यांवर निळा चष्मा. अधीक्षिका पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी कपाटातून गोष्टींचं एक जुनं पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि जनापुढं ठेवलं. "वाच बाळा. घाई नाही."

जनानं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ओठ ओले केले. आणि सुरू झाली.

विहिरीचा धडा.

पुस्तकात एका सशाचं चित्र होतं. जना विहिरीचा धडा म्हणत होती. बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं, पूर्णविरामाला थांबत होतं. आवाज अगदी वाचल्यासारखा. मी सशाच्या चित्राकडं बघत उभी होते. अधीक्षिकांनी तिला मध्ये तोडलं नाही. धडा संपेपर्यंत ऐकलं. मग हलकेच म्हणाल्या, "छान पाठ आहे बाळा. पण हे या पानावर नाही ना?"

जनानं मान खाली घातली. चष्मा नाकावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

मी काय केलं? भांडले. शासनाच्या कुठल्या नियमात बसतं हे वाचून घेणं, असं विचारलं. अधीक्षिका म्हणाल्या, "कुठल्याच नाही. संस्था खाजगी आहे. माझ्याकडं जागा बारा आणि मुली साठ येतात. पाचवीत आलेल्या मुलीला वाचता येत नसेल तर इथं मी एकटी तिला काय शिकवणार? ती वर्षभर कोपऱ्यात बसेल. ते मी बघितलंय." मग भिवाभाऊंकडं वळल्या. "शाळा उघडायच्या आधी एकदा परत आणा. तेव्हाही नाही जमलं, तर तुमच्यासोबत न्या. निदान आईजवळ राहील."

बाहेर लिंबाखाली आम्ही तिघं बसलो. मी जनाला विचारलं, जरा चिडूनच, "धडा पाठ कसा झाला गं तुला?"

"रोज सकाळी सगळी पोरं एका सुरात म्हनत्यात. म्या ऐकते."

"फक्त विहिरीचा?"

"नाय. सगळं पुस्तक."

मला खरं वाटेना. मी तिचं पुस्तक उघडून कुठलंही पान काढायची, पहिला शब्द सांगायची, आणि ती पुढचं म्हणायची. कविता, धडे, धड्याखालचे प्रश्न, अगदी 'गाळलेल्या जागा भरा'सुद्धा. कुठं पान संपतं तेही ठाऊक. "हितं गुंजाताई पान उलटती, तवा आवाज येतो." गुंजा तिच्या शेजारी बसणारी पोरगी. अख्खं पुस्तक कानानं उचललं होतं तिनं, पान उलटल्याच्या आवाजासकट! मला माझ्या पत्रकातल्या चार ओळी पाठ राहत नाहीत.

"मग लाल कागदाला गप्प का बसलीस? पिवळ्याला?"

ती बापाकडं बघायला लागली. भिवाभाऊ म्हणाले, "सांग की."

"तुमी म्हनला, ह्यो शेवटचा, मग म्या जाते." जना म्हणाली. "तुमी एवढ्या उन्हाचं आला व्हता. दारात आल्यालं मानूस रिकामं धाडत नाय आमच्यात."

भिवाभाऊंनी मान डोलावली, जणू यात नवल काय. त्यांच्याकडं पाहुणा आला आणि घरात काहीच नसलं, तर निदान ताकाचा घोट, नाहीतर गुळाचा खडा हातावर ठेवतातच. जनाकडं त्या दिवशी विहिरीचा धडा होता. तिनं तो मला दिला. आणि मी तो घेऊन हजार प्रती छापल्या.

दुसऱ्या दिवशी शैलाबाईंसमोर मी तोंड पाडून बसले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, काचेत असेल बाई काहीतरी. ओळखीचा धडा देऊ नका, एवढं मी सांगितलं असतं. पण तुम्ही मला विचारलं कुठं? तुम्ही मला पत्रक दिलंत."

डोळ्यांच्या एका डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, रंगानं काही मुलांच्या डोळ्यांना बरं वाटतं, झळ कमी लागते, ते खरं. पण रंग वाचायला शिकवतो असं पक्कं कुणी दाखवलेलं नाही. आधी नंबर तपासा, मग शिकवा. मी शाळेतल्या सगळ्या मुलांचे डोळे रीतसर तपासले. पाच जणांना साधा नंबर निघाला. साधा! फळाच दिसत नव्हता त्यांना. आणि मी रंग घेऊन फिरत होते. जनाचे डोळे मात्र ठणठणीत होते.

संघटनेत मी म्हटलं, चूक झाल्याचं पत्रक काढू. आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, "खुळी का? पत्रकात चूक कबूल करत नसतात. समोरच्याच्या हातात काठी देतेस." मग ते मी एकटीनं काढलं. 'ती काच नव्हती, ती मुलगी होती. आमची चूक. मागणी नवी: प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, आणि न वाचणाऱ्या मुलाला शिकवायला एक माणूस.' या वेळी जनाचं नाव नव्हतं. त्याच फाटकावर उभी राहिले. आधीच्या पत्रकाचं कौतुक केलेला एक कारकून म्हणाला, "काय मॅडम, काच फुटली वाटतं?" मी म्हटलं, "हो. घ्या, वाचा."

पण जूनला दीड महिना उरला होता. दुकान सुटलं की मी रोज हर्सूलला जायला लागले, उजेड असेपर्यंत शिकवायचं. शैलाबाई सुट्टी असूनही यायच्या. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की जनाला अख्खं वाक्य येत होतं, पण त्याचे तुकडे करता येत नव्हते. 'पाणी' म्हटलं की तिला पाणी दिसायचं. त्यात 'पा' आहे आणि 'णी' आहे, हे कळायचं नाही. ते आधी तोंडानं, टाळ्या वाजवून शिकवलं. मग अक्षरं. घ आणि ध तिला एकच वाटायचे, भ आणि म तसेच. चाचांनी काचा घासायचा खरखरीत कागद दिला. त्यातून शैलाबाईंनी मोठी अक्षरं कापली. जना डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "ह्याचं डोस्कं उघडं हाय, ह्यो ध. ह्येचं झाकल्यालं, ह्यो घ." मला वाचता येऊन वीस वर्षं झाली, पण असं मी कधी बघितलं नव्हतं.

ओळी एकमेकींत मिसळतात म्हणाली, म्हणून चष्म्याच्या डबीच्या काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली. ती पानावर सरकवायची, एका वेळी एकच ओळ दिसायची. मेंढरं वाड्यातनं एकेक करून मोजून काढतात तशी, असं भिवाभाऊ म्हणाले.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. मेच्या अखेरीस एकदा तिनं पुस्तक फेकून दिलं. "मला समदं येतंय की पाठ! आता तुकडं कशाला करायचं?" तिच्या आईनं, सखूबाईनं, बाहेरूनच आवाज दिला, "अगं, पोरं म्हनत्यात तवर येतंय. पोरं गप ऱ्हायली तर?" जना उठली आणि तिनं पुस्तक उचलून आणलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत वसतिगृह. आभाळ कोरडं. गंगथडीला जायचं ठरलं होतं, सामान बांधलेलं होतं, सखूबाई मेंढरांपाशी थांबली होती. या वेळी जनाच्या डोळ्यांवर काही नव्हतं. हातात फक्त काळा पुठ्ठा. मी या वेळी काही बोलायचं नाही असं शैलाबाईंनी मला बजावलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते पाळलं.

अधीक्षिकांनी दुसरं पुस्तक काढलं. जनानं खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली. मला वाटलं, आता विहीर येणार. तिची मान जरा वर झाली, कानात काहीतरी वाजत असावं तशी. मग तिनं ती झटकली आणि बोट टेकवलं.

"स... सा... ससा. म्ह... म्हना... म्हणाला." घाम फुटला होता तिला. एकेका अक्षराला इतका वेळ लागत होता की बाहेर टँकर आला, भांड्यांची रांग लागली, तरी ती पहिल्याच ओळीत होती. ससा म्हणाला, चल खेळू. खिडकी खाली सरकली. "का... स... व. कासव. कासव म्हणालं. आ... आत्ता. मी. धा..." ती थांबली. बोटानं अक्षराचं डोकं चाचपलं. "घा. घा-ई-त. घाईत. आ-हे. आहे."

ती परत ओळीच्या सुरुवातीला गेली. ओठ हलले, आवाज नाही. आणि मग ती हसली. खुदकन, तोंडावर हात ठेवून, मोठ्यानं.

अधीक्षिकांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. आमच्यापैकी कुणी तिला ती ओळ सांगितली नव्हती. कुठल्या पोरांनी सुरात म्हटली नव्हती. त्या खोलीत ती गंमत फक्त कागदाला ठाऊक होती, आणि आता जनाला. गेली सहा वर्षं मी लोकांना दिसावं म्हणून काम करतेय. वाचणं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं.

"काय गं?" भिवाभाऊ घाबरून म्हणाले. "का हासती?"

"आबा, कासव! कासव म्हनतंय, म्या घाईत हाय!"

"कोन म्हनलं तुला?"

"ह्यो." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "हितं."

अधीक्षिकांनी रजिस्टर ओढलं आणि जनाचं नाव लिहिलं. "सोमवारी पेटी, अंथरूण घेऊन या," त्या म्हणाल्या.

भिवाभाऊंनी ते ऐकलंच नाही. ते टेबलावर वाकले होते. तोंड कागदाच्या इतकं जवळ नेलं होतं की कान लावायचाच बाकी होता.

"आनखी काय म्हनतंय?" त्यांनी लेकीला विचारलं.